आक्काचं मौन, अनिताचं घर

॥ श्री ॥

शिरूर,
१२ जुलै २०२५

चि. अनिता हिस, सोजराआक्काचे अनेक आशीर्वाद.

हौसरावांच्या टेम्पोतून पाठवलेलं सगळं मिळालं. लिंबाच्या लोणच्याची बरणी एक, शेवया दीड किलो, कुरडयांची पिशवी एक, आणि तुझ्याकडं विसरलेला माझा चष्म्याचा डबा. हौसरावांनी भाडं घेतलं नाही, पण दोन कप चहा आणि पोहे झाले, ते धरून पस्तीस रुपये पडले. बरणीचं झाकण सैल होतं, शेवयांना थोडं तेल लागलं. तेवढ्या वेगळ्या काढून ठेवल्यात, उपमा करीन.

तू तीनदा फोन केलास आणि मी घेतला नाही म्हणून रागावली असशील. आषाढीपासून मी मौन धरलंय, कार्तिकीपर्यंत. तोंडातून शब्द काढायचा नाही. मान हलवायची नाही, हातानं खूण करायची नाही. घरात पाटीवर लिहूनही सांगायचं नाही, कारण ते म्हणजे उपास धरायचा आणि साबुदाण्याची परात संपवायची. तुला पत्र लिहायला हरकत नाही असं माझं मीच ठरवलंय. पत्र जायला चार दिवस, उत्तर यायला चार दिवस. तेवढ्यात बोलण्याची खाज जिरते आणि कामाचं तेवढं उरतं.

पहिल्या दिवशी तुझे दाजी लेकाला, संपतला म्हणाले, "बरं झालं, घरात जरा शांतता." तिसऱ्या दिवशी बँकेचं पासबुक सापडेना, तेव्हा माझ्यापुढं येऊन उभे. "अगं, निदान बोटानं तरी दाखव." मी तांदूळ निवडत राहिले. मग स्वतःच ट्रंक उघडली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची वस्तू त्यांची त्यांना सापडली. सुवर्णा स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. सून असून धाडसाची आहे.

तुझं कसं चाललंय ते लिही. तुझे यजमान जाऊन दोन वर्षं होत आली. एकटी असतेस, जिवाला घोर लागतो.

तुझी,
आक्का

*

दौंड,
२० जुलै

ती. आक्कास, अनिताचा शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. पोस्टमन म्हणाला, "काकू, हातानं लिहिलेला पत्ता वर्षात बघितला नव्हता." त्याला वाटलं घरात काही वाईट झालं.

माझं काय लिहू. एकटीचं घर. सकाळ होते, संध्याकाळ होते. एकटीसाठी वेळेवर चूल पेटवावी वाटत नाही, कधी दुपारी चारला जेवते, कधी रात्री नुसत्या चहावर भागवते. शेजारच्या सखूबाई आणि पार्वतीबाई ओट्यावर येऊन बसतात म्हणून दिवस जातो. दारापुढं बाज टाकलीय, दुपारी तिथंच पडते. ह्यांच्या माघारी कोण विचारतंय जेवलीस का म्हणून.

विक्रम दर रविवारी व्हिडिओ लावतो. म्हणतो, "आई, कारेगावला ये आमच्याकडं. लोक मला नावं ठेवतात, आईला एकटीला टाकलं म्हणून." दिवाळीनंतर हर्षदाला कंपनीत परत रुजू व्हायचंय. नात अपेक्षा आता सात महिन्यांची झाली, तिच्याकडं बघायला कुणी तरी पाहिजे. मी बघू म्हणून टाळते.

आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची. माझी वेणी घालण्यापासून लग्न ठरवण्यापर्यंत सगळं तूच केलंस. तुझ्या शब्दाबाहेर मी कधी गेले नाही, हे तुला ठाऊक आहे.

तुझी,
अनिता

*

॥ श्री ॥

शिरूर,
५ ऑगस्ट

चि. अनिता हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून त्या दिवशी घास उतरला नाही. चारला जेवण काय, चहावर रात्र काय. दारात बाजेवर पडून राहतेस, बघणारं काय म्हणेल. विक्रम गुणाचा आहे. आजकाल मुलं आईला न्यायला बघत नाहीत, हा स्वतःहून बोलावतोय.

मागच्या पत्रात एक लिहायचं राहिलं. मौन देवासाठी धरलंय असं सगळ्यांना सांगितलं आणि ते खोटं नाही. पण तुला सांगायला हरकत नाही, मी थकले होते. उठल्यापासून निजेपर्यंत, आई चावी कुठंय, आई कोथिंबीर किती आणू, अगं माझा चष्मा, अहो आत्याबाई दूध उतू गेलं. आणि उत्तर दिलं की ते चुकीचं निघालं तर परत मीच. आता कुणी विचारत नाही. विचारलं तरी मी बांधील नाही. सकाळी तुळशीपुढं बसते तेव्हा डोक्यात देवाशिवाय कुणी नसतं. एवढं मोकळं मला लग्नाआधी सुद्धा वाटलं नव्हतं.

परवा तुझे दाजी पेपर वाचता वाचता शेजाऱ्याला म्हणाले, "बायकांस्नी आता काय कमी हाय? यस्टीचं तिकीट अर्धं केलं, खात्यावर पैसं येत्यात. अजून कसली मोकळीक पायजे ह्यास्नी?" बोलती असते तर भांडण झालं असतं. मौनात होते म्हणून नुसती हसले. मग हसणं नेमात बसतं का, ह्याचा दोन दिवस विचार केला.

मला पाहिजे ती मोकळीक कुठल्या तिकिटावर मिळत नाही. कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, बस. तुझं उलटं आहे बाई, तुला विचारणारं माणूस पाहिजे. ज्याचं त्याचं नशीब.

गौरीला ये. विक्रम-हर्षदालाही सांगितलंय, म्हणजे संपतनं फोन केलाय.

तुझी,
आक्का

*

दौंड,
२० ऑगस्ट

ती. आक्कास शि. सा. नमस्कार.

गौरीला येते. शेपूची भाजी इथून आणीन, तिकडं महाग असेल.

विक्रमनं तिथं विषय काढला तर मला त्याच्यापुढं नीट बोलता यायचं नाही. त्याचे डोळे ह्यांच्यासारखे आहेत. मी सांगणार, आक्का म्हणेल तसं. तो तुझ्या शब्दाला मान देतो. तुला माझं मन कळतं, जास्त लिहीत नाही.

तुझी,
अनिता

*

॥ श्री ॥

शिरूर,
७ सप्टेंबर

चि. अनिता हिस अनेक आशीर्वाद.

गौरी सुखरूप गेल्या. खर्च मागच्या वर्षीपेक्षा दोनशे चाळीसनं कमी आला, शेपू तू आणलास आणि आरास जुनीच वापरली म्हणून. उद्यापासून पितृपंधरवडा. त्याआधी त्या दिवसाचं माझ्या बाजूचं लिहिते, कारण तेव्हा तोंडानं बोलता आलं नाही.

जेवणं होऊन सगळे सोप्यात बसले. विक्रमनं विचारलं, "मावशी, आई म्हणते तुम्ही सांगाल तसं. नेऊ का आईला कारेगावला?" तू माझ्याकडं बघत होतीस ते मला दिसलं. माझ्या हातात माळ होती. मान हलवली तर ती बोलण्यातच जमा, म्हणून मी माळेवरची नजर काढली नाही. तेवढ्यात तुझे दाजी म्हणाले, "अरं, गप्प हाय म्हंजी व्हय. आमच्या लग्नात हिला इचारलं तवा बी अशीच गप्प हुती. झालं न्हवं चाळीस वरसं?" सगळे हसले. संपतनं नारळ फोडला, सुवर्णानं साखर वाटली. दसऱ्याला तू जायचं आणि दौंडच्या दोन खोल्यांना भाडेकरू बघायचा, असं ठरूनही गेलं.

मला मनातून बरं वाटलं. मी काही न बोलता तुझी काळजी मिटली. देवानंच मार्ग काढला म्हणायचं.

निघताना तू पाया पडलीस पण तोंडाकडं बघितलं नाहीस. एस.टी.ची घाई होती म्हणून असेल.

तुझी,
आक्का

*

दौंड,
१६ सप्टेंबर

आक्कास नमस्कार.

एस.टी.ची घाई नव्हती. पुढची गाडी तासानं होती. स्टँडवर बसून राहिले.

आधीच्या पत्रात मी जे लिहिलं ते खरं होतं, पण सूर खोटा होता. नवरा गेलेल्या बाईनं बहिणीला जसं लिहायचं असतं तसं लिहिलं. आता सरळ लिहिते. चारला जेवते, कारण मला चारला भूक लागते. सत्तावीस वर्षं ह्यांच्या रेल्वेच्या ड्यूटीवर माझी भूक चालली. नाइट असली की दिवसभर घरात भांडं वाजवायचं नाही. ह्यांनी कधी हात उगारला नाही, कधी वाकडं बोलले नाहीत. माणूस चांगला होता, आठवण येते, रडतेही. पण डोळे पुसून बाजेवर पाय पसरते तेव्हा बरं वाटतं. हे दोन्ही एकाच दिवशी होतं. ह्याला काय म्हणायचं ते मला येत नाही.

आणखी एक. ह्यांच्या गळ्यात माळ होती म्हणून सत्तावीस वर्षं मी बोंबलाला शिवले नव्हते. आता दर रविवारी सखूबाई आणि मी चुलीवर बोंबील भाजतो. पार्वतीबाई लांब बसते आणि म्हणते, "मला नगं, पण वास येऊ द्या." श्रावणात खाल्ले नाहीत, तेवढं पाळलं. आता हे वाचून तू आंघोळ करणार असशील तर कर.

विक्रमला हे सांगितलं तर तो विचारणार, "आई, ह्याच्यासाठी तिथं राहायचंय? बोंबलासाठी?" आणि मला उत्तर देता येणार नाही. बोंबलासाठी नाहीच. कशासाठीच नाही. मला राहायचंय म्हणून राहायचंय. प्रत्येक वेळी कारण दाखवावं लागलं तर ती मोकळीक कसली? मग रजेचा अर्जच झाला तो.

तुला उत्तर द्यायचं नव्हतं आणि मला कारण द्यायचं नव्हतं. तुझं सांभाळताना माझं गेलं. नुसती मान हलवली असतीस तरी पुरे होतं. मला वाटलं होतं, आक्का माझ्यासाठी एवढं मोडेल.

काल भाडेकरू येऊन बघून गेले. नवरा-बायको आहेत, बरे आहेत. बाई विचारत होती, ही बाज इथंच ठेवणार का.

अनिता

*

॥ श्री ॥

शिरूर,
२३ सप्टेंबर

चि. अनिता हिस आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी आलं. पहिल्यांदा राग आला. बोंबलाचा आला, ते आधी सांगते. आंघोळ केली नाही, पण पत्र देवघराजवळ होतं ते उचलून खिडकीत ठेवलं. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि राग कुणाचा आलाय तेच कळेना. दाजींचं ते वाक्य डोक्यातून जाईना. लग्नात मी गप्प होते ते खरं. तेव्हा तरी मला कुठं व्हय म्हणायचं होतं. मला पुढं शिकायचं होतं. कुणी विचारलं नाही, विचारलं ते गप्प बसण्यासाठीच. आणि तीच गप्प बसण्याची पद्धत मी तुझ्यावर वापरली, वर देवाचं नाव घालून.

रविवारी सर्वपित्री अमावस्या. पितरांचं पान वाढलं, कावळ्यानं घास घेतला, आणि पिशवी उचलून मी निघाले. सुवर्णानं बघितलं, विचारलं नाही. एस.टी.नं कारेगावला उतरले. अर्धं तिकीट घेतलं, दाजींच्या म्हणण्याला तेवढा मान दिला.

हर्षदानं दार उघडलं. मी बोलायला गेले तर आवाजच फुटेना, घसा नळासारखा नुसता खरखरला. मग "विक्रम" म्हणून असा शब्द निघाला की तिच्या कडेवरची अपेक्षा दचकून रडायला लागली.

विक्रम म्हणाला, "मावशी, तुमचं मौन."

म्हटलं, "मोडलं. गौरीच्या दिवशी मी होकार दिला नव्हता. मी गप्प बसले होते. दोन्ही एक नसतं."

"मग तुमचा नकार आहे का?"

"मला कशाला विचारतोस? घर तिचं, जाणं-येणं तिचं. दौंडला जा, तिच्या ओट्यावर बस आणि तिला विचार. आणि नाही म्हणाली तर का म्हणून विचारू नको."

तेवढ्यात हर्षदा बोलली. "आणि माझं काय, मावशी? दिवाळीनंतर मी गेले नाही तर कंपनी दुसरी घेणार. चार वर्षं राबून मी तिथवर आले. सगळ्यांना विचारायचं ठरलं तर मलाही कुणी तरी विचारा."

खरं सांगते अनिता, तिचंही खोटं नाही. तिच्या पायातला काटा तुझ्या पायात घालायचा एवढंच सगळ्यांना सुचलं होतं. मी म्हटलं, "बाई गं, तुला सोडवायला अनिताच पाहिजे असं कुणी ठरवलं? ह्या पोरीला बाप पण आहे ना?" विक्रम पोरीला घेऊन गॅलरीत गेला. मी चहा घेतला आणि निघाले.

व्रत मोडलं ते मोडलं. परत जोडून घेतलं असं मी सांगणार नाही. देवापुढं नारळ ठेवलाय, त्याच्याशी माझं मी बघीन. घरी आल्यावर मी बोलते हे कळलं आणि दिवा लावायच्या आत दाजींनी हाक मारली, "अगं, माझी टोपी?" मी म्हटलं, "बघा." त्यांनी बघितली. सापडली. हा शब्द मला आधी सुचला असता तर चार महिन्यांचं मौन धरायची वेळ आली नसती.

आता तुला एक विचारते आणि ह्याचं वाईट वाटून घे. त्या दिवशी मौन माझं होतं, तुझं तोंड कुणी बांधलं होतं? तू माझ्यावर टाकलंस, मी देवावर टाकलं आणि संपतनं नारळ फोडला. विक्रम येईल तेव्हा मी तिथं नसेन.

तुझी,
आक्का

*

दौंड,
६ ऑक्टोबर

ती. आक्कास शि. सा. नमस्कार.

वाईट वाटलं. दोन दिवस पत्र पिठाच्या डब्यामागं ठेवलं होतं. मग काढलं.

विक्रम दसऱ्याला आला. एकटाच. सोनं दिलं, पाया पडला आणि तू सांगितलं तसा ओट्यावर बसला. सखूबाई उठून जायला लागली तर मी तिला हाताला धरून बसवलं. मला साक्षीला माणूस पाहिजे होतं.

विक्रम म्हणाला, "आई, यायचं का कारेगावला?"

मी म्हटलं, "न्हाई."

"बरं."

एवढंच. आक्का, मी चार दिवस उत्तरं पाठ केली होती. एकही लागलं नाही. थोड्या वेळानं त्यानं वर बघितलं, "दोरीला काय टांगलंय ते?" म्हटलं, "बोंबील." तो म्हणाला, "बाबा असते तर." मी म्हटलं, "असते तर नसते टांगले." तेव्हा हसला. सखूबाई म्हणाली, "घिऊन जा दोन, हर्षदाला आवडत्यात का बघ." तो नको म्हणाला.

भाडेकरूंना नाही म्हणून कळवलं. बाई बिचारी बाजेचं परत विचारत होती.

विक्रमनं शिफ्ट बदलून मागितलीय. हर्षदा पहिल्या पाळीला, हा दुसऱ्या. मधला दीड तास खालच्या मजल्यावरच्या बाई पोरीला बघणार. निभेल का नाही माहीत नाही. मी त्याला सांगितलंय, पोर आजारी पडली तर फोन कर, मी येईन. बरी झाली की परत येईन, आणि कवा ते मी ठरवीन. हर्षदा फोनवर दोनच शब्द बोलली. लागेल तिला वेळ. तिच्या जागी मी असते तर एकही बोलले नसते.

सोबत एक वस्तू पाठवलीय. ह्यांच्या वेळची ती दुसरी, कपाटात पडून होती. तुला वाटेल तेव्हा ये. कारण काढून येऊ नको.

तुझी,
अनिता

*

॥ श्री ॥

शिरूर,
१४ ऑक्टोबर

चि. अनिता हिस अनेक आशीर्वाद.

स्पीड पोस्टानं आलेलं पाकीट मिळालं. आत पत्र एक, आणि दौंडच्या घराची किल्ली एक, लाल दोऱ्यात ओवलेली. पाकिटावर सत्तेचाळीस रुपये लिहिलेत. हौसरावांच्या हाती दिली असतीस तर चहा-पोह्यात आली असती. पण टपालानं पाठवलीस ते बरं केलंस, टेम्पोत हरवली असती तर कुलूप बदलायचा खर्च वेगळा.

दाजींनी विचारलं, "ही कसली किल्ली?" म्हटलं, "माझी." पुढं विचारायला तोंड उघडलं होतं, पण मिटलं. ते हल्ली टोपी खुंटीलाच ठेवतात.

बोलायला लागल्यापासून घरात पहिल्यासारखी हाका-हाकी सुरू झालीय. ती शांतता गेली, त्याची हळहळ वाटते, खोटं कशाला बोलू. सकाळी तुळशीपुढचा अर्धा तास मात्र मी सोडला नाही. तेवढ्या वेळात घर जळालं तरी मला हाक मारायची नाही, असं सगळ्यांना सांगून ठेवलंय. तोंडानं सांगितलंय.

भाऊबीज झाली की चार दिवस तिकडं यावं असं मनात आहे. काम काही नाही. दवाखाना नाही, लग्नकार्य नाही. तुझ्या बाजेवर दुपारी पडायचंय, ती मोडायला आली नसेल तर. रविवार धरून येऊ की टाळून, ते तू सांग. मी खाणार नाही, माझ्या गळ्यातली माळ तशीच आहे. पार्वतीबाईजवळ लांब बसेन.

किल्ली हातात आली म्हणून मी येऊन दार उघडीन असं मात्र समजू नको. आधी विचारते: येऊ का? नको असेल तर नुसतं नको लिही, का ते लिहू नको. हे पत्र मिळेल त्याच दिवशी उत्तराचं पाकीट पेटीत टाक, म्हणजे भाऊबीजेच्या आत मला कळेल.

तुझी,
आक्का